जे-५०: एका आजारी ऑर्का पिल्लासाठी घेतलेल्या निर्णयांचा प्रकरण अभ्यास

२०१८ च्या उन्हाळ्यात अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरच्या समुद्रात साडेतीन वर्षांची एक ऑर्का मादी खंगत गेली आणि सप्टेंबरच्या मध्यास ती मृत मानण्यात आली. वैज्ञानिकांच्या नोंदवहीत तिचा क्रमांक जे-५० असा होता. तिला वाचवण्यासाठी दोन देशांची सरकारे, एक आदिवासी राष्ट्र, मत्स्यालयातले पशुवैद्य आणि अनेक संशोधन संस्था दीड-दोन महिने झटत होत्या. त्या प्रयत्नांत कोणता निर्णय कोणत्या माहितीवर घेतला गेला आणि कोणता निर्णय वेळेवर घेतला गेला नाही, हे या लेखात मांडले आहे. सहभागी व्यक्तींची नावे मुद्दाम गाळली आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्याही कळकळीविषयी मला शंका नाही.

पार्श्वभूमी

ऑर्काला इंग्रजीत ‘किलर व्हेल’ म्हणतात आणि आपणही तिची गणना सहज देवमाशांत करतो. प्रत्यक्षात ती डॉल्फिनच्या कुळातली सर्वांत मोठी जात आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया यांच्या दरम्यानच्या ‘सेलिश समुद्रा’त वर्षाचा मोठा काळ घालवणाऱ्या ऑर्कांच्या एका समुदायाला ‘दक्षिणी निवासी’ असे नाव आहे. त्यात जे, के आणि एल असे तीन कळप आहेत. कळपाची घडण मातृवंशाची असते: मुलगा असो वा मुलगी, ती आयुष्यभर आईजवळ राहतात. शिकारीत मिळालेला मासा आपसांत वाटून खाल्ला जातो आणि पाळी थांबलेल्या आज्या पुढची अनेक वर्षे कुटुंबाला वाट दाखवतात. पाठीवरच्या पराचा आकार आणि त्यामागचा राखाडी पट्टा यांच्या छायाचित्रांवरून प्रत्येक प्राणी वेगळा ओळखता येतो, हे कॅनडातील मायकेल बिग यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले आणि तेव्हापासून या समुदायाची शिरगणती एकेका जिवाच्या नावानिशी होत आली आहे.

ही संख्या कधीच मोठी नव्हती. १९६० च्या दशकापासून १९७६ पर्यंत सागरी उद्यानांसाठी ऑर्का पकडण्याचा धंदा या समुद्रात जोरात चालला आणि त्यात पन्नासच्या आसपास दक्षिणी निवासी पकडले गेले किंवा मेले. त्यांतली बहुतेक पिल्ले आणि तरुण प्राणी होते. ऑगस्ट १९७० मध्ये पेन कोव्ह या खाडीत विमाने आणि स्फोटके वापरून ऐंशीच्या जवळपास ऑर्का जाळ्यांकडे हाकलण्यात आल्या. सात पिल्ले विकली गेली आणि पाच प्राणी बुडून मेले. मेलेल्यांची पोटे फाडून, त्यांना वजने बांधून ती प्रेते समुद्रात बुडवण्यात आली, आणि काही महिन्यांनी त्यांतली काही किनाऱ्याला लागली तेव्हा लोकांना खरा प्रकार कळला. या घटनेचा उल्लेख इथे इतिहास म्हणून नाही. २०१८ मध्ये ‘पिल्लाला जाळ्यात घ्यावे का’ हा प्रश्न आला तेव्हा पेन कोव्ह सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते.

१९७६ च्या पहिल्या सविस्तर गणनेत सुमारे सत्तर प्राणी मोजले गेले. १९९५ मध्ये संख्या ९८ पर्यंत चढली आणि मग घसरू लागली. कॅनडाने २००१ मध्ये आणि अमेरिकेने २००५ मध्ये हा समुदाय धोक्यात असल्याचे जाहीर केले. कारणे तीन सांगितली जातात आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले म्हणजे अन्न. दक्षिणी निवासी जवळजवळ फक्त मासे खातात, आणि उन्हाळ्यात त्यांच्या आहारात चिनूक जातीचा सॅल्मन, तोही मुख्यतः कॅनडातील फ्रेझर नदीकडे परतणारा, इतका मोठा वाटा उचलतो की चिनूक कमी झाला म्हणजे ताटच रिकामे झाले. दुसरे, जहाजांचा आणि बोटींचा आवाज. ऑर्का आवाजाचे ठोके सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधते आणि इंजिनांच्या घरघरीत तो प्रतिध्वनी हरवतो. तिसरे, पीसीबी, डीडीटी यांसारखी चरबीत साठणारी विषे. पोट भरलेले असेतो ती चरबीत पडून राहतात, उपासमार झाली की चरबीबरोबर रक्तात उतरतात आणि आईच्या दुधातून पिल्लात जातात.

याच समुद्रात सील आणि इतर सस्तन प्राणी खाणाऱ्या ऑर्कांचा दुसरा समुदायही फिरतो. त्यांच्या शरीरात विषांचे प्रमाण दक्षिणी निवासींपेक्षा जास्त आहे, तरीही त्यांची संख्या वाढते आहे, कारण त्यांना सील भरपूर मिळतात. या तुलनेत अन्नाचे पारडे जड ठरते, असे माझे मत आहे आणि पुढचे सगळे प्रकरण त्याच नजरेने वाचावे.

समस्या

जे-५० डिसेंबर २०१४ च्या अखेरीस पहिल्यांदा दिसली. तिच्या अंगावर दातांचे ओरखडे होते. जन्माच्या वेळी कळपातल्या एखाद्या सुइणीने तिला दातांनी धरून बाहेर ओढले असावे, असा अंदाज संशोधकांनी बांधला आणि त्या व्रणांवरून तिला ‘स्कार्लेट’ हे लाडके नाव मिळाले. तिची आई जे-१६ तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. जे-५० नंतरच्या वर्षभरात या समुदायात आठ-नऊ पिल्ले जन्मली आणि संकट टळले, असे लोकांना वाटू लागले. ते टळले नव्हते. त्यांतली काही पिल्ले लवकरच गेली आणि २०१६ च्या सुरुवातीपासून जवळपास तीन वर्षे जगलेले एकही नवे पिल्लू नोंदले गेले नाही. २००८ ते २०१४ या काळातल्या विष्ठेच्या नमुन्यांतील संप्रेरके तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ओळखता आलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्के यशस्वी झाल्या नव्हत्या आणि त्याचा संबंध चिनूकच्या तुटवड्याशी लागत होता. हे नमुने गोळा करण्यासाठी बोटीच्या पुढच्या टोकावर बसून विष्ठेचा वास घेणारा एक प्रशिक्षित कुत्रा वापरला गेला होता.

जे-५० वयाच्या मानाने पहिल्यापासून लहानखुरी होती, पण पाण्याबाहेर उसळ्या घेण्यात पटाईत म्हणून ओळखली जायची. ड्रोनने वरून काढलेल्या छायाचित्रांतून शरीराची लांबी-रुंदी मोजण्याचे काम या समुदायावर काही वर्षे चालूच होते आणि त्या मापांत तिची प्रकृती २०१७ पासून उतरणीला लागल्याचे दिसत होते. जुलै २०१८ मध्ये तिच्या डोक्यामागची चरबी इतकी झडली होती की वरून पाहताना डोके आणि धड यांच्यामध्ये भुईमुगाच्या शेंगेसारखी खाच दिसे. हे या प्राण्यांत कुपोषणाचे शेवटच्या टप्प्यातले लक्षण मानले जाते आणि इथवर पोचलेले फार थोडे प्राणी पुन्हा सावरल्याची नोंद आहे. तिच्या श्वासाला दुर्गंधी येत असल्याचेही जवळून पाहणाऱ्या संशोधकांनी कळवले, म्हणजे संसर्गाचीही शक्यता होती.

नेमक्या याच दिवसांत, २४ जुलैला, जे-कळपातल्याच जे-३५ या मादीला पिल्लू झाले आणि ते अर्ध्या तासात मेले. जे-३५ ने ते डोक्यावर आणि तोंडात धरून १७ दिवस, सुमारे १६०० किलोमीटर वाहून नेले. जगभरातल्या वर्तमानपत्रांत तिचे छायाचित्र छापून आले. म्हणजे ज्या कळपातल्या आजारी पिल्लाजवळ उपचारासाठी बोट न्यायची होती, त्याच कळपात एक आई मेलेले लेकरू घेऊन पोहत होती आणि बोटीचा प्रत्येक फेरा तिच्याही अंगावर येणार होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय काहीच न करण्याचा होता आणि तो हलका नव्हता. वन्य प्राण्याच्या मरणात माणसाने हात घालू नये असे मानणारे अनुभवी लोक होते. त्यांचे म्हणणे असे की अन्न कमी पडल्यामुळे खंगलेल्या प्राण्याला औषध देऊन अन्नाचा प्रश्न सुटत नाही, उलट तो सुटल्याचे समाधान मिळते. या युक्तिवादाचा उत्तरार्ध मला आजही पटतो. पण पंचाहत्तरच्या समुदायात एक मादी पिल्लू म्हणजे मोठे होऊन पुढे अनेक वर्षे प्रजनन करू शकेल असा जीव, आणि तिच्या उपासमारीला माणूसच कारणीभूत. अशा ठिकाणी निसर्गाला त्याच्या वाटेने जाऊ द्या, हे म्हणणे पुरेसे प्रामाणिक वाटत नाही.

दुसरा पर्याय दूरवरून डार्ट मारून प्रतिजैविक आणि जंतनाशक देण्याचा. याआधी मत्स्यालयांत पाळलेल्या ऑर्कांवर उपचार झाले होते, पण मोकळ्या समुद्रात पोहणाऱ्या जंगली ऑर्काला अशा रीतीने औषध देण्याचा अनुभव जवळपास नव्हता. शिवाय दोनच वर्षांपूर्वीचे एक प्रकरण ताजे होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये एल-९५ या तरुण नराच्या पाठीवरच्या परावर उपग्रह-टॅग डार्टने बसवला गेला. काही आठवड्यांनी तो मेलेला सापडला आणि टॅगच्या जखमेतून शिरलेला बुरशीचा संसर्ग त्याच्या मृत्यूला हातभार लावणारा ठरला. टॅग लावणे तेव्हापासून थांबवले गेले. आजारी, प्रतिकारशक्ती संपलेल्या पिल्लाच्या अंगात सुई खुपसताना हे कोण विसरेल?

तिसरा पर्याय जिवंत चिनूक तिच्यासमोर सोडण्याचा, आणि जमलेच तर त्या माशातून औषध देण्याचा होता. यात इजा करण्याचा धोका कमी होता. पण जंगली प्राण्याला बोटीतून अन्न मिळण्याची सवय लागली तर तो बोटींजवळ येऊ लागतो, ही भीती होती.

चौथा पर्याय तिला पकडून तपासण्याचा आणि गरज पडल्यास काही काळ तरंगत्या जाळीच्या कुंपणात ठेवून बरे करण्याचा होता. याला एक यशस्वी दाखला होता. उत्तरी निवासी समुदायातली ए-७३ ही अनाथ पिल्ली जानेवारी २००२ मध्ये सिएटलजवळ, फेरीबोटींच्या मार्गात एकटी भटकताना दिसली. त्या वर्षी जूनमध्ये तिला पकडले, जंतांवर आणि त्वचेच्या आजारावर उपचार केले, आणि जुलैमध्ये जलद बोटीने उत्तरेला नेऊन तिच्या नातलगांच्या वाटेवर सोडले. ती त्यांच्यात मिसळली आणि २०१३ मध्ये स्वतः आई झाली. दुसरा दाखला उलटा होता. एल-९८ हा दक्षिणी निवासी पोर २००१ पासून व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेला नूटका खाडीत एकटा राहत होता. २००४ मध्ये त्याला पकडून परत नेण्याचा सरकारी प्रयत्न तिथल्या आदिवासींच्या विरोधामुळे फसला, कारण त्यांना त्याच्यात नुकताच वारलेला आपला प्रमुख दिसत होता. त्यानंतर ठोस निर्णय झालाच नाही आणि २००६ मध्ये एका टगबोटीच्या पंख्यात सापडून एल-९८ मेला.

या दोन्ही प्रकरणांत पिल्लू एकटे होते. जे-५० एकटी नव्हती. आई जे-१६ आणि बहीण जे-४२ सतत तिच्याबरोबर होत्या आणि बहुधा तिला आपल्यातला मासा देत होत्या. तिला पकडणे म्हणजे तिला जगवणाऱ्या एकमेव व्यवस्थेतून बाहेर काढणे, तेही पेन कोव्हची आठवण वागवणाऱ्या समुदायाच्या देखत. शिवाय या कुळातले प्राणी श्वास आपल्या इच्छेने घेतात. खुल्या पाण्यात भूल दिली तर ते बुडून मरतात. म्हणजे पकडायचे तर पूर्ण शुद्धीत, जाळ्याने.

प्रत्यक्षात काय केले गेले

पुढाकार अमेरिकेच्या मत्स्यविभागाकडे होता आणि कॅनडाचा मत्स्यविभाग सोबत होता. कळपाला सीमारेषा ठाऊक नाही, पण परवान्यांना असते: अमेरिकेच्या पाण्यात जे करण्यास मुभा होती तेच काही मैल उत्तरेला करण्यासाठी वेगळी संमती लागे. त्यातच जुलैच्या अखेरीस कळप खुल्या समुद्राकडे निघून गेल्याने काही दिवस हाती लागला नाही.

९ ऑगस्टला, सॅन वान बेटांच्या परिसरात, व्हँकूव्हरच्या मत्स्यालयातील पशुवैद्याने बोटीतून डार्टने दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक दिले. त्याआधी तिच्या फवाऱ्यातून श्वासाचा नमुना घेण्यात आला होता, परंतु त्यावरून निदान झाले नाही. तीन दिवसांनी, १२ ऑगस्टला, लुम्मी या आदिवासी राष्ट्राच्या बोटीतून तिच्या वाटेत आठ जिवंत चिनूक सोडण्यात आले. लुम्मी लोकांच्या भाषेत ऑर्कांना ‘लाटांखाली राहणारे आमचे नातलग’ अशा अर्थाचे नाव आहे आणि नातलग उपाशी असेल तर त्याला खाऊ घालायचे, हा त्यांच्या दृष्टीने प्रयोग नव्हता, कर्तव्य होते. तिने त्यांतला एखादा मासा घेतला की नाही, हे खात्रीने सांगता आले नाही.

यानंतर कळपामागून गोळा केलेल्या विष्ठेच्या एका नमुन्यात आतड्यांत जखमा करू शकणाऱ्या गोलकृमींचा पुरावा मिळाला. मात्र नमुना जे-५० चा, तिच्या आईचा, की जवळच्या आणखी कोणाचा, हे निश्चित नव्हते. तरी उपचाराच्या यादीत जंतनाशक वर आले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा डार्टने औषध देण्याचा प्रयत्न झाला. तोवर ती कळपाच्या बरीच मागे पडू लागली होती. कधीकधी इतकी मागे, की निरीक्षकांना ती गेली असे वाटे आणि मग ती एकटीच, हळूहळू, दूरवर दिसे. आई मागे फिरून तिच्यासाठी थांबत असे.

१२ सप्टेंबरला अमेरिकेच्या मत्स्यविभागाने जाहीर केले की जे-५० किनाऱ्याला लागली किंवा कुटुंबापासून कायमची दुरावली, तरच तिला ताब्यात घेऊन उपचार केले जातील, आणि उद्दिष्ट तिला कुटुंबात परत सोडण्याचेच असेल. यावर लोकांची मते ऐकण्यासाठी त्या आठवड्याच्या शेवटी दोन सभा ठेवल्या होत्या. पण ती ७ सप्टेंबरनंतर दिसलीच नव्हती. १३ सप्टेंबरला दोन्ही देशांच्या बोटी आणि तटरक्षक दल शोध घेत असतानाच, गणना करणाऱ्या संस्थेने ती मेल्याचे आपले मत जाहीर केले. सभा झाल्या, पण विषय बदललेला होता.

परिणाम

शरीर सापडले नाही. त्यामुळे संसर्गाने मारले, कृमींनी, की केवळ उपासमारीने, याचे उत्तर मिळणार नाही. समुदायाची संख्या ७४ वर आली.

जे-३५ च्या पिल्लामुळे आणि जे-५० मुळे त्या उन्हाळ्यात लोकांचे लक्ष मात्र असे वेधले गेले की रखडलेल्या अनेक गोष्टी हलल्या. वॉशिंग्टनचे तेव्हाचे राज्यपाल जे इन्सली यांनी मार्च २०१८ मध्येच नेमलेल्या कृतीगटाने नोव्हेंबरमध्ये शिफारशी दिल्या. २०१९ च्या कायद्याने बोटींसाठी बाजूने ३०० आणि पुढे-मागे ४०० यार्ड अंतर, आणि अर्ध्या सागरी मैलाच्या आत सात नॉट वेगाची मर्यादा आली. ऑर्कांसाठी म्हणून चिनूकची पैदास करणाऱ्या केंद्रांना वाढीव पैसा मिळाला. कॅनडाने याच काळात चिनूकच्या मासेमारीवर हंगामी बंदी असलेले पट्टे आखले आणि अंतर ४०० मीटर केले. व्हँकूव्हर बंदराच्या कार्यक्रमात २०१७ पासून मोठी जहाजे हॅरो सामुद्रधुनीत स्वेच्छेने वेग कमी करतात. त्याने पाण्याखालचा आवाज कमी झाल्याचे मोजमापांतून दिसले. ३० ऑगस्ट २०१८ ला, म्हणजे जे-५० जिवंत असताना, कॅनडाच्या संघीय अपील न्यायालयाने ट्रान्स माउंटन तेलवाहिनीच्या विस्ताराची मंजुरी रद्द केली. टँकरवाहतुकीचा या ऑर्कांवर होणारा परिणाम तपासलाच नव्हता, हे त्यातले एक प्रमुख कारण होते. मात्र पुढच्याच वर्षी ती मंजुरी पुन्हा दिली गेली आणि मे २०२४ पासून विस्तारित वाहिनी सुरू आहे.

संख्येच्या हिशेबात फरक पडलेला नाही. २०२४ च्या जुलैतल्या गणनेत ७३ प्राणी होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने जवळच्या नात्यातील प्रजननाचा भार हेही वाढ न होण्याचे कारण असल्याचे दाखवले आहे.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

या प्रकरणात सगळ्यांत जास्त चर्चा पकडावे की न पकडावे यावर झाली. माझ्या मते ती चर्चा उशिराची होती आणि खरे निर्णयाचे क्षण त्याआधी येऊन गेले होते.

पहिला क्षण २०१७ चा. ड्रोनची मापे उतरती होती. त्याआधी २०१६ च्या शरदात जे-२८ ही माता मेली आणि तिच्यामागे दहा महिन्यांचे जे-५४. त्या पिल्लाची मोठी बहीण जे-४६ मासे पकडून घरच्यांना देत राहिली, तेही पुरले नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये अडीच वर्षांचा जे-५२ असाच खंगून गेला. म्हणजे एकाच कळपात दोन वर्षांत सारखी लक्षणे दाखवत जीव गेले होते आणि तरी ‘मापाचा आकडा इतका खाली आला की पुढचे पाऊल हे’ अशी लिखित रेषा नव्हती. ती असती तर जुलै २०१८ मध्ये परवान्यांची कागदपत्रे, डार्टची तालीम, औषधांच्या मात्रा आणि दोन देशांची पूर्वसंमती यांच्यापासून सुरुवात करावी लागली नसती. उपचार करणाऱ्यांनी जे केले ते विलक्षण कौशल्याचे होते; पण आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णावर, अनुभव नसलेली पद्धत, निदानाशिवाय, अशा तिन्ही अडचणी एकदम त्यांच्या वाट्याला आल्या.

दुसरा क्षण ऑगस्टच्या सुरुवातीचा. ताब्यात घेण्याची अट, ‘कुटुंबापासून दुरावली तरच’, मला योग्य वाटते. आईजवळ पोहणाऱ्या पिल्लाला जाळ्यात ओढणे चूक ठरले असते. पण ही अट सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जाहीर झाली. पाच आठवडे आधी ती ठरली असती, लोकांसमोर मांडली गेली असती आणि ‘दुरावली’ म्हणजे किती अंतर व किती तास, हे स्पष्ट झाले असते, तर जे-५० मागे पडू लागली तेव्हाच्या आठवड्यात निर्णय घेण्याजोगी स्थिती होती की नव्हती, हे तरी कळले असते. त्यातून ती वाचली असती, असा दावा मी करत नाही. एल-९८ च्या बाबतीतही चर्चा लांबत गेली आणि निर्णयाच्या जागी अपघात आला, हे मात्र विसरता येत नाही. तिथे स्थानिक आदिवासींना शेवटी विचारले गेले. जे-५० च्या वेळी लुम्मी राष्ट्र पहिल्यापासून बोटीवर होते, ही या प्रकरणातली मोठी सुधारणा आहे आणि तिची पुरेशी दखल घेतली जात नाही.

तिसरा मुद्दा बोटींचा. आजारी पिल्लाभोवती उपचारपथके, संशोधक, निरीक्षण करणारे, पत्रकार आणि लांबवर पर्यटकांच्या बोटी होत्या. अमेरिकेच्या मत्स्यविभागाच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवले की बोटी सरासरी ४०० यार्डांच्या आत असतील तर ऑर्का शिकारीच्या बुड्या कमी मारतात, आणि माद्या तर बऱ्याचदा शिकार सोडूनच देतात. म्हणजे जे-१६ सारख्या स्वतःबरोबर आजारी पिल्लाचेही पोट भरणाऱ्या आईला या वर्दळीची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. उपचारासाठी बोट जवळ न्यावीच लागणार असेल, तर त्या दिवसांत बाकीच्या सगळ्या बोटी त्या कळपापासून दूर ठेवायला हव्या होत्या, नुसत्या आवाहनाने नव्हे, सक्तीने.

हा धडा पुढे प्रत्यक्षात उतरला आहे, म्हणून तो इथे नोंदवतो. २०२१ मध्ये ड्रोनच्या अनेक वर्षांच्या मापांवरून दिसून आले की प्रकृतीच्या सर्वांत खालच्या गटात गेलेल्या प्राण्यांच्या मृत्यूची शक्यता इतरांच्या दोन ते तीन पट असते, आणि जे-कळपाची प्रकृती फ्रेझर नदीच्या चिनूकबरोबर वरखाली होते. त्याच मोजमापांच्या आधारे २०२२ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्याने डझनभर प्राणी ‘असुरक्षित’ म्हणून जाहीर केले आणि व्यावसायिक बोटींना त्यांच्यापासून अर्धा सागरी मैल दूर राहण्याचा तातडीचा नियम काढला. जे-५० ला जी लिखित रेषा मिळाली नाही, ती अशी चार वर्षांनी आखली गेली. तिच्या जोडीला अन्नाविषयी अशी रेषा अजून नाही: फ्रेझरकडे परतणारा चिनूक अमुक आकड्याखाली गेला तर त्या हंगामात माणसांची मासेमारी आपोआप थांबेल, असा दोन्ही देशांना बांधणारा करार. माझ्या मते तोच सर्वांत मोठा उपचार आहे आणि तो डार्टने देता येत नाही.

१ जानेवारी २०२५ पासून वॉशिंग्टनमध्ये बोटींसाठी अंतर १,००० यार्ड झाले. त्याच दिवशी जे-३५ पुन्हा एक मेलेले पिल्लू, जे-६१, डोक्यावर घेऊन पोहताना संशोधकांना दिसली. ते डिसेंबरात जन्मले होते आणि काही दिवसच जगले. कळपात त्या वेळी जे-६२ हे दुसरे नवजात पिल्लू त्याची आई जे-४१ हिच्या जवळ पोहत होते.